गठुड्याचा डबा

ताट रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही, निपटून घेतलेलं. कडेला चिकटलेलं शीतसुद्धा कुणीतरी बोटानं उचललं होतं. तो नुकता चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आला होता, चपला अजून पायातच होत्या, आणि ओट्याशी उभा राहून तो त्या ताटाकडे बघत राहिला. गेले कित्येक आठवडे हे ताट रोज संध्याकाळी ओट्यावर त्याची वाट बघत असायचं, पण भरलेलं. वर कोरडी साय धरलेली, चमचा मधोमध रुतलेला, आणि एका कडेला उंदरानं कुरतडल्यासारखा एखादा घास उणा. वडील जेवत नव्हते. घशाला काही नाही, पोटाला काही नाही, असं डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं होतं. तिसऱ्यांदा, जरा आवाज चढवून, असंही सांगितलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालून पोटात अन्न सोडावं लागेल, दुसरा इलाज नाही. एरवी कशालाच उत्तर न देणारे वडील त्यावर अंथरुणातून म्हणाले होते, "नळी घातलीत तर मी ती ओढून काढणार. मग तुम्ही माझे हात खाटेला बांधणार. म्हणजे हात बांधून मारायचं ठरलंय, एवढंच सांगा ना." डॉक्टर हसले होते. तो हसला नव्हता. वडील बोलले की करत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तेव्हापासून दुकानात काच घासता घासता त्याला मधेच वडिलांची मनगटं दिसायची, खाटेच्या दांड्याला बांधलेली.

"आज आजोबांनी सगळं संपवलं हो, दादा," मावशी म्हणाल्या. दिवसभर वडिलांपाशी बसायला ठेवलेल्या या बाई पिशवी खांद्याला अडकवून निघायच्या बेतात होत्या. "वर पेलाभर पाणी प्यायले नि गाढ झोपलेत." देव पावला, असं त्याच्या मनात आलं. मावशी गेल्या. त्यानं आनंदानं, म्हणजे त्याच्या परीनं आनंदानं, फ्रीज उघडला, आणि वरच्या कप्प्यात वडिलांचा डबा दिसला. सकाळी ठेवला होता तसाच, झाकण घट्ट. रिकामा होता तो खालचा कप्पा. खालचा डबा घासून, पुसून, ओट्याच्या कोपऱ्यात पालथा घातलेला होता. दोन्ही डबे आईच्या वेळच्या एकाच संचातले, सारखेच. पण खालचा डबा कुत्र्याचा होता.

आधी त्याला हसू आलं, मग लाज वाटली, मग दोन्ही एकदम. बापाला कुत्र्याचं अन्न घातलं. हे वाक्य त्याच्या डोक्यात त्याच्या बहिणीच्या आवाजात उमटलं, कारण असली वाक्यं घरात तीच बोलायची. ती दुसऱ्या गावी असते आणि तिथून फोनवर घर चालवते. तेवढ्यात पाठीमागे फरशीवर नखं वाजली. गठुडं आलं होतं. चौदा वर्षांपूर्वी आई बाजारातून येताना पदराखाली काहीतरी गुंडाळून घेऊन आली, वडिलांनी विचारलं, "हे कसलं गठुडं?" आणि तेच नाव पडलं. आता आई नव्हती आणि गठुड्याच्या डोळ्यांत दुधी ढग उतरले होते. ते येऊन त्याच्या पोटरीला नाक लावून उभं राहिलं आणि ओट्याकडे तोंड करून वास घ्यायला लागलं. त्याची जेवणाची वेळ झाली होती आणि त्याचं जेवण आतल्या खोलीत, एका झोपलेल्या म्हाताऱ्याच्या पोटात होतं.

गठुड्यानंही मध्यंतरी खाणं टाकलंच होतं. पाकिटातलं कोरडं खाणं हुंगायचं आणि तोंड फिरवून निघून जायचं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाकिटातलं बंद करू नका, त्याला लागतं ते सगळं त्यात आहे. फक्त त्यावर दोन मुठी घरचं ताजं घाला, जरा ऊन करून. वासानं तरी तोंड लावेल. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही, आणि हाड तर बिलकुल नाही." तेव्हापासून सुट्टीच्या सकाळी त्याचा हा उद्योग असे. मोठ्या पातेल्यात कोंबडी शिजत ठेवायची, दुसऱ्यात लाल भोपळा, गाजर आणि मऊ भात. उकडलेलं अंडं वेगळं. कोंबडी निवली की ओट्यापाशी स्टूल घेऊन बसायचं आणि एकेक रेषा सोडवत हाडं काढायची. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासून फ्रेमीत बसवण्यात त्याची हयात गेली होती. काचेच्या कडेचा डोळ्यांना न दिसणारा टवका त्याच्या बोटांना कळायचा, मग कोंबडीच्या हाडाची काय कथा. सगळं झालं की हातानं कालवायचं. भोपळा मुठीत दाबून कुस्करायचा, भात मोडायचा, अंडं चुरायचं, आणि गोळा हाताला जेमतेम ऊन लागेल इतका निवेपर्यंत कालवतच राहायचं. गठुडं पायाशी बसून असे. आणि तो बोलत असे. दुकानात मालक त्याला घुम्या म्हणत. बोलणाऱ्याची माती खपते नि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, असं त्याला ऐकवत ऐकवत त्यांनी त्याला कायमचं मागच्या खोलीत ठेवलं होतं. तो घुम्या इथे ओट्याशी बसला की त्याचं तोंड म्हणून बंद होत नसे. कोण गिऱ्हाईक आलं, कुणी चष्मा डोक्यावर ठेवून दुकानभर चष्मा शोधला, मालकांनी स्वतःचाच नंबर कसा चुकीचा काढला, सगळं. "कळलं का गठुड्या? तुला काय कळणार म्हणा, तुला भोपळ्याची पडलीय." रोज संध्याकाळी डब्यातलं काढून ऊन करताना पुन्हा कालवायचा, पुन्हा बोलायचा. गठुडं खाताना तो उकिडवा बसून बघायचा. जिभेचा तो ओला, घाईचा, निर्लज्ज आवाज त्याला अख्ख्या दिवसात ऐकलेल्या आवाजांपेक्षा गोड वाटायचा.

वडिलांचं अन्न तो काही कमी काळजीनं करत नव्हता, उलट जास्तच. बहिणीनं फोनवर सांगितलं तसं, मोजून, मिक्सरमधून काढून, गाळून, मीठ चाखून, वर तूप. सकाळी दुकानात जाण्याआधी करायचा, डब्यात भरायचा, दुपारी मावशी ऊन करून देत. सुट्टीच्या दिवशी स्वतः भरवायचा. छातीवर रुमाल पसरायचा, चमचा ओठांपाशी न्यायचा, थांबायचा. वडील भिंतीकडे बघत. तो चमच्याकडे बघे. तेवढ्या वेळात कुणी एक अक्षर बोलत नसे, कारण या घरात जेवताना बोलायचं नाही हा नियम होता आणि तो वडिलांचाच होता. वडील वजनमापं तपासणारे अधिकारी. दिवसभर दुकानादुकानांतून लोकांचे तराजू आणि वजनं तपासत हिंडायचे, आणि घरी आले की त्यांना शब्दही मापातच लागायचे. एकदा, तो सातेक वर्षांचा असेल, कोपऱ्यावरचा वाणी त्याला म्हणाला होता, "तुझे बाबा दुकानात आले की माशीसुद्धा आधी स्वतःचं वजन करून घेते." त्याला तो विनोद इतका आवडला की रात्री पानावर राहवलं नाही. तो सांगून मोकळा झाला आणि स्वतःच खो खो हसला. वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. रागावले नाहीत. उठले, हात धुतला आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. मग आईनं आपलं ताट झाकलं. तिच्या ताटात तेव्हा एकही घास मोडलेला नव्हता. बहिणीनं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्यानं घरातला दिवाच फोडलाय. त्या रात्री आई उपाशी झोपली आणि सकाळी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "इतकं बोलू नये रे." तेवढंच. पण मुलाच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला. आपण तोंड उघडलं की कुणाच्या तरी ताटात अन्न तसंच राहतं. पुढे शाळेत, दुकानात, लग्नाच्या दोन बैठकींत त्याच्या नावापुढे घुम्या लागलं ते तिथून. आणि आता वडिलांनी ताट नाकारायला सुरुवात केल्यावर तो अधिकच गप्प झाला होता, पाऊलसुद्धा न वाजवता त्यांच्या खोलीत शिरायचा. आपण अजून कुठेतरी आवाज करतोय, असं त्याला सारखं वाटत असे.

मावशींना रागवायचं त्यानं ठरवलं आणि रागावला नाही. त्याऐवजी त्याला एक हुशारी सुचली. वडिलांना जर ते आवडलंच असेल तर तेच त्यांच्यासाठी वेगळं करावं, माणसाचं म्हणून. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यानं तीच कोंबडी, तोच भोपळा, तोच भात केला. मीठ घातलं, तूप घातलं, मिक्सरमधून काढलं, चांगल्या वाडग्यात भरलं. संध्याकाळी वाडगा ओट्यावर होता, वर साय धरलेली. "एक घास घेतला नि गालात धरून बसले," मावशी म्हणाल्या. "मी बोट घालून काढला शेवटी." तेव्हा त्यानं विचारलं, शक्य तितकं सहज, "मावशी, काल चुकून गठुड्याचा डबा दिलात का?"

मावशींनी खांद्यावरची पिशवी काढून खाली ठेवली. त्यांना हे कधीतरी निघणार हे माहीत असावं. "चुकून नाही दिला, दादा. मी काय डबे ओळखत नाही होय? त्यांनीच मागितला."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'त्या कुत्र्याचं आहे का काही शिल्लक?' मला वाटलं, चेष्टा करतायत. म्हटलं, आजोबा, बरं दिसेल का ते? तर म्हणाले, 'त्याला हातानं कालवून घालतो, गोष्टी सांगतो. मला चमचा.'" मावशींनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "भिंतीपलीकडून ऐकत असतात ते. सुट्टीच्या सकाळी तुम्ही ओट्याशी बसलात की मला म्हणतात, पंखा बंद कर, आवाज येतो त्याचा. मला म्हणाले होते, त्याला सांगू नकोस. पण आता तुम्ही विचारलंतच."

त्या रात्री तो बराच वेळ आपले हात बघत बसला. काचेच्या पुडीनं पिवळसर झालेली बोटं, नखांच्या कडा झिजलेल्या. त्याला राग आला होता. असा राग आपल्याला येऊ शकतो हे त्याला पन्नाशीत कळत होतं. पंखा बंद करून ऐकतात! जन्मभर ज्या माणसानं एका विनोदापायी ताट सोडलं, बायकोला उपाशी ठेवलं, मुलाच्या जिभेला कुलूप घातलं, त्याला आता गोष्टी हव्यात. आणि त्या मागायच्या कशा, तर कुत्र्याच्या डब्यातून. पण रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं, आणि ते जास्त भयंकर होतं, कारण ते सुख होतं. कुणीतरी पंखा बंद करत होतं. घुम्याचं बोलणं ऐकायला कुणीतरी उकाडा सोसत होतं.

मग त्यानं पातेलं मोठं केलं. कुणालाच काही न सांगता, कुणाशीच काही न बोलता. दोन डबे एकाच गोळ्यातून भरले जाऊ लागले, आणि आता संध्याकाळचं तो स्वतःच करायचा. ओट्याशी बसून एकाच परातीत कालवायचा, अर्धं गठुड्याच्या भांड्यातल्या कोरड्या खाण्यावर, अर्धं ताटात. ताट मुकाट्यानं आत नेऊन ठेवायचा आणि लगेच परत यायचा, उकिडवा बसायचा आणि गठुड्याशी बोलायचा. खोलीचं दार आता सताड उघडं असायचं. इकडे जीभ वाजायची, तिकडे वडिलांच्या बोटांचा ताटावर आवाज यायचा. वडील हातानं खात होते! मीठ ते वरून घेत. वजन उतरायचं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "बघा, धाक घातला की खातात." पण खोलीत गेल्यावर त्याला एक शब्द सुचत नसे, आणि वडीलही भिंतीकडे बघत. एकदा त्यानं प्रयत्न केला. ताट ठेवताना म्हणाला, "बाबा, आज दुकानात…" वडिलांनी इतक्या झटकन मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, इतक्या उघड्या, भुकेल्या डोळ्यांनी, की त्याची जीभ टाळ्याला चिकटली. "…गर्दी होती," असं म्हणून तो बाहेर पळाला. बाहेर येऊन त्यानं गर्दीची सगळी हकिकत कुत्र्याला सांगितली.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण गठुडं म्हातारं होतं आणि घरचं ताजं अन्न म्हणजे काही अमृत नव्हे. आधी कोरडे दाणे तळाशी राहायला लागले, मग गाजर, मग भात. मग ते नुसतं त्याचा हात चाटायचं, त्याचं मन राखण्यासाठी चाटावं तसं, आणि त्याच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडायचं. एका सकाळी ते उठलंच नाही. त्यानं चादरीत गुंडाळून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मानेला हात लावला आणि म्हणाल्या, "त्रास लांबवू नका." सुई टोचताना त्यानं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं. त्या वेळी काहीतरी बोलावं, निदान आज तरी, असं त्याला फार वाटलं. पण समोर डॉक्टरीणबाई होत्या, मदतनीस होता, आणि माणसांदेखत त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही. गठुडं त्याच्या आवाजाशिवाय गेलं. घरी परत येताना रिक्षात मोकळी चादर मांडीवर घेऊन तो रडला, आरशातून रिक्षावाला बघत असताना रडला.

वडिलांना त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी तोच गोळा कालवला, ताट आत नेलं. वडिलांनी हात पुढे केला नाही. "नखं वाजली नाहीत आज," ते म्हणाले.

"झोपलंय."

"गेलं ना?"

"झोपलंय म्हटलं ना, बाबा."

वडिलांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, खोट्या वजनाकडे पाहावं तसं, आणि तोंड मिटलं. ते मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या दिवशी मिटलेलं, तिसऱ्या दिवशी मिटलेलं. पाणी ओठांवरून गळून उशीत मुरायचं. डॉक्टर येऊन गेले, पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, आता वाट बघण्यात अर्थ नाही, उद्या सकाळी आणा, नळी घालू. बहीण फोनवर म्हणाली, "मी निघतेय. तू गाडी सांगून ठेव. आणि हात बांधायला लागले तर बांधू दे त्यांना, तू मधे पडू नकोस. आणि असा घुम्यासारखा गप्प काय राहतोस, काहीतरी बोल!" त्यानं गाडी सांगितली.

दुपारी मावशी म्हणाल्या, "शेवटचं तुम्हीच एकदा बघा भरवून," आणि औषधं आणायचं निमित्त काढून खाली गेल्या. त्यानं भात, भोपळा, कोंबडी परातीत घेतली आणि ओट्याशी बसला नाही, परात घेऊन सरळ आत गेला. खाटेशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला आणि कालवायला लागला. वडील डोळे मिटून पडले होते. चादरीवर त्यांचे हात पडले होते, मोकळे, हाडांवर कातडं ताणलेले. उद्या या वेळी ते मोकळे नसणार. बाबा, असं त्याला म्हणायचं होतं. बाबा, ते गेलं, मी खोटं बोललो. बाबा, तोंड उघडा. बाबा, आई त्या रात्री उपाशी झोपली होती. एवढं सगळं घशाशी आलं आणि तिथेच अडलं, एकमेकांना रेटत दारात अडकलेल्या माणसांसारखं. मुठीतून भोपळा बाहेर येत होता. गोळा निवला, पार निवला, तरी तो कालवत होता. वर बघायचं धाडस नव्हतं. त्यानं मान वळवली आणि खाटेच्या पायापाशी, जिथे फरशी होती आणि फरशीवर काही नव्हतं, तिथे पाहिलं.

"ऐकलंस का रे गठुड्या," तो म्हणाला.

आवाज घोगरा निघाला. खाटेवर काहीतरी हललं. त्यानं वर पाहिलं नाही.

"परवा एक बाई आली दुकानात. आठवड्यापूर्वीच नवा चष्मा नेलेला. मालकांसमोर चष्मा आपटला नि म्हणते, हा परत घ्या, मला माझा जुनाच द्या. मालक म्हणाले, का हो, नीट दिसत नाही का? तर म्हणते, दिसतं ना, तेच तर दुखणं आहे. घरभर जाळी, फरशीवर डाग, नवऱ्याच्या कानात केस. इतकी वर्षं मी सुखात होते."

खोलीत पंखा बंद होता. त्यानं परातीतून एक घास केला, अंगठ्यानं दाबून गोल केला, आणि फरशीवरची नजर न उचलता हात वर नेला. बोटांना ओठ लागले. कोरडे, भेगाळलेले, मिटलेले. तो तसाच हात धरून राहिला. मग भेगाळलेली कड हलली आणि घास त्याच्या बोटांवरून गेला. आता त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. वडील कुशीवर वळले होते आणि मान खाटेच्या काठावर आणून त्याच्याकडे नाही, तर खाली फरशीवरच्या त्याच रिकाम्या जागेकडे बघत होते. ते सावकाश चावत होते. कंठमणी वर गेला, अडखळला, खाली आला.

"मग?" वडील म्हणाले.

त्यांनी ते त्या जागेलाच विचारलं. आता फक्त मान वर करायची होती, एवढंसं, आणि सांगायचं होतं, ज्यांनी विचारलं त्यांना. तो तोंड उघडून बसला. गालांवरून ओघळलेलं परातीत पडत होतं आणि त्या अन्नाला कालवतानाच पहिल्यांदा मीठ लागत होतं. आई, गठुडं, सगळी बोलायची माणसं आणि जनावरं संपली होती. उरले होते ते दोघं, आणि त्या दोघांना एकमेकांकडे बघायचं कसं ते येत नव्हतं.

"मग काय, गठुड्या," तो फरशीला म्हणाला, आणि दुसरा घास उचलला.